०.०६ मिलिमीटरचा आनंद

तेरा वर्षं एकाच जागी उभी असलेली गाडी, जाम झालेलं इंजिन आणि ‘दसऱ्यापर्यंत जागा रिकामी करायचीय’ ही डेडलाइन. पंचवटीतल्या एका प्रीमियर पद्मिनीचा पिस्टन सोडवतानाची ही गोष्ट.

बाबांनी किल्ली फिरवली आणि आवाज आला, ‘टक्’. बस्स, एवढाच. नवी कोरी बॅटरी, घट्ट बसवलेल्या केबल्स, आणि तरी नुसतं ‘टक्’. डॅशबोर्डवरचा लाल दिवा क्षणभर मंद झाला आणि परत नीट लागला. बाबांनी पुन्हा किल्ली फिरवली. पुन्हा ‘टक्’. तिसऱ्यांदा हात पुढे गेला तेव्हा मागून आजोबा ओरडले, “अरे थांब! रॉड वाकवशील.”

आमच्याकडे आजोबा ओरडले ही बातमी असते. एकतीस वर्षं मायकोत नोझलच्या इन्स्पेक्शनला काढलेला माणूस. आवाज नाही, घाई नाही. त्यामुळे बाबांनी निमूटपणे किल्ली काढून घेतली.

गाडी आजोबांचीच. १९८६ ची प्रीमियर पद्मिनी, रंग मूळचा क्रीम, आता सांगता येणार नाही असा. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर आजोबांनी ड्रायव्हिंग सोडलं आणि तेव्हापासून ती वाड्यामागच्या बोळात ताडपत्रीखाली. आईनं तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या, मांजरीनं तिच्याखाली तीन वेळा पिल्लं घातली. मी लहानपणी मागच्या सीटवर बसून अभ्यास केलाय. पण यंदा वाडा डेव्हलपरकडे गेला. नव्या फ्लॅटला पार्किंग एकच. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, त्या ‘टक्’नंतर, बाबांनी निकाल दिला : “दसऱ्यापर्यंत इंजिन फिरलं तर ठेवू. नाही तर भंगारवाला.”

भंगारवाल्याला त्याच आठवड्यात फोन गेला नाही, कारण पितृपक्ष लागला होता. पद्मिनीला मिळालेली ही पहिली मुदतवाढ!

पान पसंदवाली गाडी

आपल्या पिढीला पद्मिनी माहीत आहे ती मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून. तीही आता सिनेमातच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत झाली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली.

पण या गाडीचं आपल्या जिल्ह्याशी एक नातं आहे. ‘पान पसंद’ची गोळी खाल्लीय ना? ती रावळगावची. आपल्या मालेगाव तालुक्यातलं रावळगाव. तिथला साखर कारखाना उभा केला वालचंद हिराचंद यांनी, आणि त्याच वालचंद शेठनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी सुरू केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटची ११०० ही गाडी बनू लागली. १९७४ पासून तिचं नाव प्रीमियर पद्मिनी, चितोडच्या राणीवरून. म्हणूनच आजोबांच्या वयाची माणसं तिला आजही ‘फियाट’च म्हणतात. १९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि चित्र बदललं, पण आजोबांनी १९८६ मध्येही पद्मिनीच घेतली. का, असं विचारलं तर म्हणतात, “बॉनेट उघडलं की सगळं दिसायचं. हात जायचा.”

हे खरं आहे. बॉनेटखाली १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन आहे आणि त्याच्या आजूबाजूला चक्क रिकामी जागा आहे. सेन्सर नाही, ईसीयू नाही. आपल्या बाइकचं इंजिन बघायला आधी दहा प्लास्टिकची कव्हरं काढावी लागतात!

“पुरात होती का?”

पहिल्या शुक्रवारी उस्ताद आले. द्वारकाजवळ त्यांचं गॅरेज आहे, शुक्रवारी बंद असतं. सत्तरीकडे झुकलेले, आजोबांची गाडी त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळलेली. आल्या आल्या त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. पहिला प्रश्न, “पुरात होती का?”

प्रश्न पंचवटीला शोभणारा होता. गोदावरीला पूर आला की आपण दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आलं ते बघतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो पाण्याखाली गेला होता. पण आमचा बोळ चढावर आहे, गाडीच्या चाकापर्यंतही पाणी आलं नव्हतं. उस्तादांचा चेहरा जरा सैलावला. पुराचं पाणी आत गेलं की चिखल जातो, बेअरिंगं जातात, मग सगळं इंजिनच खाली उतरवावं लागतं. नुसत्या दमट हवेनं जाम झालेलं इंजिन म्हणजे वेगळी केस.

मग त्यांनी खात्री केली की जाम झालंय ते इंजिनच. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली, ती हलली. म्हणजे ब्रेक आणि चाकं मोकळी. फॅनबेल्ट काढला, म्हणजे डायनॅमो अडकला असेल तर कळेल. स्टार्टर खोलून बाजूला ठेवला, कारण कधी कधी त्याचे दातेच फ्लायव्हीलमध्ये रुतून बसतात. शेवटी क्रँकच्या पुलीला पाना लावून हलका झोका दिला. भिंतीला धक्का दिल्यासारखं. चारही प्लग काढून टॉर्च मारला, तर तिसऱ्या सिलिंडरमध्ये विटकरी रंग.

चारपैकी तिसराच का? इथे माझा कॉमर्सचा मेंदू पहिल्यांदा जागा झाला. इंजिन बंद होतं तेव्हा पिस्टन बहुधा मध्यावर कुठेतरी थांबतात. त्या क्षणी दोन सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असतात आणि दोघांचा एकेक व्हॉल्व्ह उघडा राहतो. एक उघडतो कार्ब्युरेटरकडे, दुसरा सायलेन्सरकडे. म्हणजे तेरा वर्षं, तेरा पावसाळे, त्या दोन सिलिंडरमध्ये बाहेरची ओली हवा खुशाल ये-जा करत होती. आमच्या गाडीत ते होते तिसरा आणि चौथा. पहिला आणि दुसरा झाकण लावलेल्या डब्यासारखे, जवळपास कोरडे.

पिस्टन अॅल्युमिनियमचा, पण त्याच्या खाचेत बसलेल्या रिंगा आणि बाहेरची भिंत बिडाची. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजायची. त्यात गंज धरला की खेळ संपला, कारण गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. तो नुसता चिकटत नाही, फट भरून पाचरीसारखा ताठ बसतो. आणि चारही पिस्टन एकाच क्रँकला बांधलेले. एक अडकला की चौघं अडकले. ग्रुप प्रोजेक्ट केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

बाबा किल्ली फिरवत राहिले असते तर काय झालं असतं तेही तेव्हा कळलं. स्टार्टर पूर्ण ताकदीनं ढकलतो आणि अडकलेला पिस्टन हलत नाही. मग मधला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो किंवा रिंगा तुटतात. गाडी टोचन करून गिअर टाकणारे तर आणखी मोठं नुकसान करून घेतात.

अर्धा कटिंग

उस्तादांचं औषध अगदी साधं होतं : अर्धं डिझेल, अर्धं स्टेअरिंग ऑइल. प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये अर्धा कटिंग भरेल इतकं ओतायचं आणि थांबायचं. डिझेल पातळ, ते सूक्ष्म फटींत शिरतं. ऑइल मागे राहून वंगण देतं. रोज सकाळी बघायचं, पातळी उतरली असेल तर पुन्हा भरायचं. पातळी उतरणं ही चांगली बातमी, कारण याचा अर्थ ते रिंगांच्या बाजूनं खाली झिरपतंय.

“स्प्रे मारला तर?” मी विचारलं. माझ्या हातात तो निळा-पिवळा डबा तयारच होता. उस्ताद हसले, “नट-बोल्टला मार.” घरी येऊन वाचलं तर डब्ल्यूडी-४० चा जन्म १९५३ चा, अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा. रॉकेटच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून पाणी हटवणारं रसायन बनवत होते. चाळिसाव्या प्रयोगात जमलं, म्हणून नावात चाळीस. म्हणजे गंज होऊ नये हे त्याचं मूळ काम. तेरा वर्षांचा गंज सोडवायला भरपूर तेल आणि भरपूर वेळ लागतो.

दुसरी सूचना : रोज पुलीला पाना लावून थोडं पुढे, थोडं मागे. हाताला ताण जाणवेल एवढंच. पाईप जोडून पाना लांब करायचा नाही. आजोबांनी पुलीवर आणि समोरच्या कव्हरवर खडूनं एकेक रेघ मारली. दोन्ही रेघा समोरासमोर. हलली तर कळेल.

सहा दिवस मी कॉलेजला जाण्याआधी ते केलं. सहा दिवस रेघ तिथेच.

कट्

आता माझी चूक. फोनवर रील बघितली होती, चाळीस सेकंदांत जाम इंजिन सुटतं आणि शेवटी लोक टाळ्या वाजवतात. आम्ही मात्र सहा दिवस दोन रेघा बघत बसलेलो. दुसऱ्या शुक्रवारी उस्ताद येऊन हेड उतरवणार होते. त्यांचा वेळ वाचावा म्हणून गुरुवारी रात्री मी स्वतःच सायलेन्सरच्या बाजूचे, मॅनिफोल्डचे नट सोडायला घेतले. दोन सुटले. तिसरा हलेना. मी पान्यावर पाईप चढवला.

पाना अचानक हलका झाला. मला वाटलं, सुटला! नट हातात आला तेव्हा त्याच्यात तुटलेल्या स्टडचा अर्धा तुकडा होता. उरलेला अर्धा हेडमध्ये.

ज्यांनी कधी स्टड तोडलाय त्यांना तो हलकेपणा माहीत असेल. रात्री झोप आली नाही. सकाळी बाबांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, “मग बोलावू का त्याला?” ‘त्याला’ म्हणजे कोणाला ते विचारायची गरज नव्हती.

उस्ताद चिडले नाहीत. उरलेले नट कसे सोडायचे ते मात्र त्यांनी मलाच करायला लावलं. आधी तेल, मग नटाच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, मग घट्ट करायच्या दिशेनं किंचितसा पाना, आणि मगच उलटा. करकर आवाज आला की थांबायचं, पुन्हा तेल. एक नट, पंचवीस मिनिटं. पण एकही तुटला नाही. मग हेडचे नट, तेही एकदम नाही. बाहेरून आत, प्रत्येकाला थोडं थोडं, नाही तर हेड वाकतं. तुटलेला स्टड लेथवाल्याकडे गेला. त्यानं उरलेल्या ठुटक्यावर नवा नट ठेवून मधून वेल्डिंग केलं, गार होऊ दिलं आणि पाना लावला. वेल्डिंगच्या उष्णतेनं गंजाची पकड सुटते आणि धरायला नवं डोकंही मिळतं. माझ्या पाईपचा खर्च सहाशे रुपये, माझ्या स्टायपेंडमधून.

व्हर्निअर आणि कॅलेंडर

हेड उतरल्यावर चारही पिस्टन उघडे दिसले. तिसऱ्याच्या वरच्या भिंतीवर गंजाचा जाड कडा. उस्तादांनी तो बारीक पॉलिश पेपर आणि डिझेलनं घासायला लावला, कारण पिस्टन सुटून वर आला असता तर रिंगा त्याच कड्यावर आदळल्या असत्या. तिसरा पिस्टन खाली जाण्याच्या वाटेवर थांबलेला होता, म्हणून लाकडी ठोकळा ठेवून लाकडी हातोडीनं हलके ठोके द्यायचे. लोखंडी हातोडी नाही. पुन्हा तेल. पुन्हा वाट बघणं.

त्या संध्याकाळी आजोबांनी कपाटातून मखमली अस्तराची पेटी काढली. आत त्यांचा स्वतःचा व्हर्निअर कॅलिपर. अकरावीच्या प्रॅक्टिकलनंतर मी व्हर्निअरला हात लावला नव्हता. लीस्ट काउंट ०.०२ मिलिमीटर. मागच्या टोकाला खोली मोजायची बारीक पट्टी असते, ती ब्लॉकच्या पृष्ठभागावरून पिस्टनच्या डोक्यापर्यंत सोडायची. आजोबांचे हात आता थरथरतात, म्हणून ते खुर्चीवर बसून सांगत आणि मी मोजत असे. “आधी पूस. रोज त्याच खुणेवर ठेव. तीन वेळा मोज. तिन्ही सारखे आले तर लिही.”

मी लिहीत गेले, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. शनिवार ३८.४०. रविवार ३८.४०. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळीकडे ३८.४०. आईनं विचारलं, “दुधाचा भाव वाढला का?”

गुरुवारी सकाळी ३८.४६ आलं.

मी पुसलं, पुन्हा मोजलं. ३८.४६. तिसऱ्यांदा, ३८.४६. खडूची रेघ डोळ्यांना तिथेच दिसत होती. पुली हलल्याचं कोणालाही कळलं नसतं. कागदाच्या एका पानाच्या जाडीपेक्षाही कमी, ०.०६ मिलिमीटर. मी ओरडत आत गेले. आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, चष्मा लावला, बाहेर येऊन स्वतः वाकून रीडिंग बघितलं. मग म्हणाले, “सुटतंय. आता अजिबात घाई करू नको.”

तेव्हा मला कळलं की आधीच्या सहा दिवसांत मी नेमकं काय चुकत होते. ‘काहीच होत नाहीये’ असं मी म्हणत होते ते डोळ्यांनी बघून. आजोबा तसं कधीच म्हणाले नव्हते. ते म्हणत, “मोजलं का?”

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, उस्ताद पुलीवर आणि मी लाकडी ठोकळ्यावर. ठोका, पुढे, मागे. ठोका, पुढे, मागे. पंधरा-वीस मिनिटांनी ‘चर्र’ असा आवाज आला आणि खडूच्या रेघा एकमेकींपासून वेगळ्या झाल्या. बोटभर पुढे, बोटभर मागे. मग थोडं जास्त. दुपारच्या चहापर्यंत क्रँकनं पूर्ण एक फेरी मारली होती. चारही पिस्टन, दोन वर, दोन खाली, पुन्हा उलट. तेरा वर्षांनंतर.

फिरलं, पण चालू झालं नाही

इथे रील संपली असती. खरी गाडी तिथे संपत नाही. उस्तादांनी तिसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवरून नख फिरवलं. नख अडकलं. नख अडकलं म्हणजे गंजानं खड्डे पाडलेत, नुसतं घासून भागणार नाही. ब्लॉक लेथवर नेऊन बोअर करावा लागेल, मोठ्या मापाचे पिस्टन आणि रिंगा शोधाव्या लागतील. पद्मिनीचे पार्ट म्हटलं की कुर्ल्याची फेरी आली. खाली झिरपलेलं डिझेल चेंबरच्या ऑइलमध्ये मिसळलंय, ते सगळं काढून टाकायचं. टाकीतलं तेरा वर्षांचं पेट्रोलही.

कागदांचा प्रश्न वेगळाच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. आमची ती कधीच संपलीय. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनी ‘व्हिंटेज’ गाड्यांना वेगळी नोंदणी दिली, पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली लागतात. आमची पद्मिनी तिथे पोचणार २०३६ मध्ये. तोवर कायद्याच्या दृष्टीनं ती नुसतीच म्हातारी.

हे सगळं मी बाबांना कागदावर लिहून दाखवलं, खर्चासकट. ते काहीच बोलले नाहीत.

दसऱ्याला सकाळी बाबांनी नेहमीप्रमाणे स्कूटरची, त्यांच्या कारची पूजा केली. झेंडूचे दोन हार आणले होते. मग तिसरा निघाला पिशवीतून. हेड नसलेल्या, बॉनेट उघड्या पद्मिनीला हार घालून बाबा जरा वेळ तसेच उभे राहिले. मग पाना मागितला, पुलीला लावला आणि सावकाश एक पूर्ण फेरी मारली.

“चालू कुठे झालीय अजून?” काका म्हणाले.

“फिरलं तर ठेवू, असं ठरलं होतं,” आजोबा म्हणाले. “चालू झालं तर, असं कुणी म्हटलं नव्हतं.”

गेल्या सोमवारी ब्लॉक लेथवाल्याकडे गेलाय. पार्किंगचं अजून ठरलेलं नाही. कॅलेंडरवर पुढच्या पंधरवड्यात एका तारखेभोवती गोल आहे आणि खाली आईच्या अक्षरात लिहिलंय : ‘पिस्टन?’

जाम इंजिन : आधी हे करा

गाडी असो, लॉकडाऊनपासून उभी राहिलेली बाइक असो की आजोबांची स्कूटर, पद्धत साधारण हीच.

• स्टार्टर, किक किंवा धक्का मारून जबरदस्ती करू नका. आधी बॅटरीची वायर काढा.

• अडकलंय ते इंजिनच आहे ना, याची खात्री करा. ब्रेक, गिअरबॉक्स, स्टार्टर, डायनॅमो एकेक करून बाजूला काढा.

• प्लग काढून टॉर्चनं आत बघा. पाणी किंवा चिखल दिसला तर थेट मेकॅनिककडे.

• डिझेल आणि ऑइल ओतून दिवस मोजा, तास नाही. पाना दोन्ही दिशांना, पाईप न जोडता.

• सुटल्यावर प्लग न लावताच आधी हातानं फिरवा, म्हणजे साचलेलं तेल बाहेर पडेल. चेहरा प्लगच्या भोकासमोर नको.

• डिझेल-पेट्रोलजवळ आग, वेल्डिंग, सिगारेट नको. वेल्डिंगचा पार्ट उतरवून, पुसून, बाहेर न्यायचा.

• काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू नका, ते शेवटी गोदावरीतच जातं. डब्यात भरून गॅरेजला द्या.

• एक माप ठरवा आणि रोज लिहा. खडूची रेघही चालेल.